दिवा लागला की बोलायचं नाही

ऑफिसातली कॉम्प्युटरची खोली म्हणजे बाईंचं राज्य. चहा बाहेर, गप्पा बाहेर, आणि ड्राइव्हचा हिरवा दिवा लागला की सगळ्यांची तोंडं बंद. बोलल्यानं फ्लॉपीला काही होत नाही, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण एकदा एका कारकुनाच्या बडबडीत त्यांचा हात चुकला होता आणि तेव्हापासून हा नियम आला. मोठे साहेबसुद्धा दिवा विझेपर्यंत दारात मुकाट उभे राहायचे. बाईंना ते दृश्य फार आवडायचं.

त्या दुपारी दारात भावजय उभी होती, धाकट्या भावाची बायको. भाऊ घशाच्या दुखण्यानं गेला त्याला वर्ष होत आलं होतं. शेवटचे काही महिने त्यानं बाईंना भेटूच दिलं नव्हतं. "ते नको म्हणतात," एवढंच सांगून हिनं त्यांना हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवलं होतं. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं तो नको म्हणेल? का म्हणेल? या एका प्रश्नानं बाईंची झोप उडवली होती. शेवटी उत्तरही त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं: हे सगळं हिचं कारस्थान. नंतर ही तीनदा घरी आली. तिन्ही वेळा बाईंनी तिच्या तोंडावर दार लावलं आणि आत जाऊन चवीनं चहा घेतला.

"ताई, यात त्यांचा आवाज आहे." भावजयीनं पर्समधून रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी काढली. "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बोलले होते. नंतर आवाज जाणारच होता ना. नीट चालते का बघायला शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर घातली, तर माझ्याच हातून पुसली गेली. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही, असं शेजारी म्हणाले. आणि ताई, ते ना—"

"बस तिथं. दिवा लागलाय." बाईंनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवली होती.

भावजय स्टुलावर टेकली आणि गप्प झाली. गरीब गाय होती बिचारी. उभं राहा म्हटलं असतं तर उभी राहिली असती.

बाईंनी फ्लॉपी उघडून पाहिली आणि त्यांना हसू आलं. नव्या कारकुनांना त्या नेहमी सांगायच्या, "फाइल पुसली म्हणजे घर पाडलं नाही रे, नुसती दारावरची पाटी काढली. माणूस आतच असतो, नवा भाडेकरू येईपर्यंत." फ्लॉपीच्या सुरुवातीला एक तक्ता असतो, कुठली खोली भरलेली, कुठली रिकामी आणि एका खोलीनंतर पुढची कुठली, ते सांगणारा. पुसताना कॉम्प्युटर त्या तक्त्यात खोल्या रिकाम्या दाखवतो आणि फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर खोडतो, की झालं. फ्लॉपी कोरी होती, त्यामुळे भावाचा आवाज पहिल्या खोलीपासून ओळीनं, मध्ये एकही फट न ठेवता बसला होता. नावाचं ते अक्षर परत लिहायचं, तक्ता जुळवायचा. बाईंच्या डाव्या हातचा मळ.

त्यांनी मान वळवली. भावजय हात घट्ट धरून पडद्याकडे टक लावून बसली होती. तिच्या डोळ्यांतली ती आशा बाईंना बघवेना. नवरा हिला मिळाला, त्याचे शेवटचे दिवस हिला मिळाले, आता आवाजही हिलाच?

त्यांनी फॉरमॅटचा, म्हणजे फ्लॉपी कोरी करायचा, हुकूम लिहिला. साधं फॉरमॅट बऱ्याचदा तक्ताच तेवढा कोरा करतं आणि जुनं आत तसंच राहतं. बाईंनी दुसरं निवडलं, भिंती खरवडत जाणारं, पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत. मग एंटर दाबलं. ड्राइव्ह खरखरायला लागला.

"होईल ना?" भावजयीनं ओठांनीच विचारलं.

"सगळं पहिल्यापासून करावं लागतंय," बाई म्हणाल्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

पडद्यावर टक्के चढत होते. बाईंचा जीव थंड झाला, पण पुरता नाही. सूड घ्यायचा आणि ज्याच्यावर घेतला त्याला त्याची चवही लागू द्यायची नाही, हे काही त्यांच्या स्वभावात बसेना. दिवा लागलेला असताना त्यांनी स्वतःच विषय काढला.

"काय गं, काय काय बोललाय तुझ्याशी? तोंडपाठ असेल तुला."

"मी नाही ऐकलेलं." भावजय दिव्याकडे बघत दबक्या आवाजात म्हणाली. "मला बाहेर बसवलं होतं. ते तुमच्यासाठी आहे, ताई. 'तिला का येऊ दिलं नाही ते सगळं सांगितलंय, तिच्याच हातात दे, तू ऐकू नकोस,' असं म्हणाले. मी घरी आले होते ते हेच द्यायला. मघाशीही सांगत होते, पण दिवा..."

बाईंचा हात आपोआप ड्राइव्हच्या बटणावर आदळला. फ्लॉपी बाहेर आली. पडद्यावर आकडा थांबला होता, तिशीच्या थोडा पुढे.

"काय झालं?"

"काही नाही. गप्प बस."

तक्ता गेला होता, नाव गेलं होतं. खरवडायचं राहिलं होतं तिथून पुढच्या खोल्या बाईंनी एकेक करून उचलल्या. हात एकदाही चुकला नाही. बहुतेक खोल्या जन्मापासून रिकाम्याच निघाल्या. मोजक्या काही भरलेल्या सापडल्या. त्या त्यांनी जोडल्या, कॉम्प्युटरला तो आवाज ओळखता यावा म्हणून त्यांना नवं तोंड बसवलं आणि स्पीकर लावला.

आधी खरखर आली. मग खोकल्याची उबळ, मग एक लांब श्वास. आणि मग तो, अगदी जवळून, लहानपणी त्याला गणित समजावताना बाई विचारायच्या तसंच विचारत:

"...कळलं ना, ताई?"

"आला!" भावजय उठलीच. तिनं बाईंचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. "आला हो आवाज! तुमचे उपकार कसे फेडू? मला वाटलं होतं, माझ्या हातून घात झाला. आता बाकीचं तुम्ही एकट्याच ऐका. मी ऐकायचं नाही, असं वचन दिलंय त्यांना."

ती डोळे पुसत बाहेर गेली आणि जाताना आवाज न करता दार लावून घेतलं.

बाईंनी उरलेला तो तुकडा पुन्हा लावला. त्यानं पुन्हा विचारलं.