खाली घेतलेली आत्या

आत्याला खाली घेऊन दोन आठवडे झाले तरी आत्या काही गेल्या न्हाईत. असं बोलू नये सुनेनं, कळतंय मला. पण तुम्ही या की एकदा, फरशीवर वाकून दिवसातून कितीदा माणूस कुशीवर वळवायचं ते करून बघा, मग शिकवा मला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. पोटातला कॅन्सर पार हाडापर्यंत गेला, तेव्हा लातूरचे डॉक्टर म्हणले, आता इथं ठेवून उपयोग न्हाई, घरी न्या. घर म्हणजे जळकोटच्या पुढं आमचं खेडं. इथं ना डॉक्टर, ना दुखण्याच्या त्या गोळ्या. त्या लातूरलाच भेटतेत, अन् त्या बी गेल्या खेपेला संपल्या म्हणून रिकाम्या हातानं परत यावं लागलं. उपकेंद्रातल्या पंचशीला सिस्टर येऊन पडून पडून झालेल्या जखमा पुसून जायच्या, तेवढाच काय तो आधार.

एका सकाळी आत्याचा घसा घरघरायला लागला, हातपाय गार पडले. शेषेरावदादा, माझे थोरले दीर, म्हणले, "खाली घ्या." आमच्यात माणूस बाजंवर जाऊ देत न्हाईत. जीव जायच्या आधी भुईवर घ्यायचं, तोंडात तुळशीचं पाणी सोडायचं, तर गती मिळते म्हणतेत. घेतलं. फोन गेले. किनवटहून नणंद आली, माहूरहून मामा आले, लई रडारड झाली. अन् दिवस कलताना आत्यानं डोळे उघडले, सगळ्यांकडं बघितलं अन् म्हणाल्या, "च्या टाका की गं कुणीतरी."

च्या पिऊन पाव्हणे गेले. आत्या फरशीवरच राहिल्या. कारण एकदा खाली घेतलेलं माणूस पुन्हा वर घेत नसतेत, म्हणे.

थंडीचे दिवस. दोन गोधड्या टाकल्या तरी खालचा गारठा लागायचाच. पाठीच्या जखमा वाढत गेल्या. सिस्टर म्हणाल्या, "वहिनी, ह्यांना बाजंवर घ्या, मऊ गादी टाका. किती हाल करून राहिले तुम्ही!"

दादा तिथंच उभे होते. "सिस्टर, तुम्ही मलमपट्टीचं बघा. उद्या बाजंवर जीव गेला तर माझ्या मायची गती तुम्ही बघणार का?"

आमचे मालक, सुदर्शन, बाजूलाच होते. पण दादापुढं त्यांनी कधी तोंड उघडलंय? बाज भिंतीला उभी करून ठेवलेली. आत्या पडल्या पडल्या तिच्याकडं बघायच्या.

"वर्षा, बाज दे गं माय. हाडं लई दुखायलीत."

रोज हेच. काय सांगावं त्यांना? ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं, मग चुलीपुढं जाऊन रडून यायची.

त्या गुरुवारी दोघं भाऊ गोळ्या आणायला लातूरला गेले. मी भिंतीची बाज आडवी केली, वर गादी टाकली अन् माझ्या थोरल्या जावेला, सिंधुबाईला, म्हणले, "बाई, पायाकडून धरा."

"आगं येडी का काय तू! ह्यांना कळलं तर घरात ठेवतेल का मला?"

"आत्या काय म्हणायल्यात ते ऐकू येत न्हाई का तुम्हाला?"

सिंधुबाई उठल्या, दाराला कडी लावून आल्या अन् पाय धरले. आत्याचं वजन ते काय राहिलं होतं! गादीवर ठेवलं तसा त्यांनी लांब श्वास सोडला. "हां... आता कसं," म्हणाल्या. सिंधुबाईनं भरवला तेवढा दूधभात खाल्ला अन् कुशीवर झोपल्या. किती दिवसांनी घरातलं कण्हणं थांबलं. आम्ही दोघी बाजंला टेकून बसलो, अन् आमचा बी डोळा लागला.

जाग आली तेव्हा आत्या गेल्या होत्या.

सिंधुबाईनं माझा दंड धरला. "वर्षा, बाजंवर गेल्या गं! आता काय करावं?"

"काय करायचं, खाली घेऊ."

"मेल्यावर?"

"मग? जित्यापणी घेतलंच होतं की!"

खाली घेतलं. ओठावर तुळशीचं पाणी सोडलं, ते गालावरून ओघळलं. बाज पुन्हा भिंतीला लावली, गादी आत टाकली, दाराची कडी काढली. रडू त्याच्यानंतर आलं, अन् आलं ते थांबेना.

दोघं भाऊ गोळ्या घेऊन आले. दादांनी बघितलं अन् दारातच बसले. पहिलं विचारलं ते हेच, "खालीच गेली ना?"

मी तोंड उघडायच्या आत सिंधुबाई म्हणाल्या, "हाव. खालीच."

"लई कण्हत होती का?"

"न्हाई दादा," मी म्हणले. "झोपेत गेल्या. दुपारून एकदा बी कण्हल्या न्हाईत." एवढं तर खरं होतं.

दादांनी डोळे पुसले. "भुईवर घेतल्याचं पुण्य," म्हणले.

माती झाली. मग भेटायला येईल त्याला दादा तेच सांगायले. आमची माय भुईवर गेली, शेवटाला काही तरास झाला न्हाई. बसलेले माना हलवायचे. मला वाटायचं उठून ओरडावं, पण अंगात त्राणच उरलं नव्हतं.

"माझी वेळ आली की मला बी असंच खाली घ्या," दादा सिंधुबाईकडं बघून म्हणले. "ध्यानात ठेव."

सिंधुबाई पाव्हण्यांना पाणी देत होत्या, त्या थांबल्या. ह्या बाईनं नवऱ्यापुढं मान वर केलेली मी आजवर बघितली नव्हती.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मी बाजंवरच ठेवणार."

सिंधुबाईनं पुढच्या माणसाला पाणी दिलं.