अंगठ्याचा जोर

“ही गाठ कोण चोळत होतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि नाथाजीनं छाती पुढं काढली.

“मीच की! अकरा वर्सं. रोज सांजच्याला, अंगठ्यानं.”

फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला गडी तो. सांगलीच्या त्या दवाखान्यात सकाळपासून त्याचं डोकं तापलं होतं, आणि का तापू नये? त्याच्या बायकोच्या, मनुबाईच्या पायाला कोरेगावात एकानं सायटिका सांगितली, साताऱ्यात दुसऱ्यानं मणका. तिसऱ्यानं तर ‘बायकांचं दुखणं मनाचं असतं’ म्हणून वाटेला लावलं. तिच्या कुल्ल्यावरच्या गाठीला एकानंही हात लावला नाही. आता पायाची बोटं काळी पडली, तेव्हा सगळे म्हणे, सांगलीला न्या!

“मी एकटाच दुखण्याला हात घालत हुतो, बाई. बाकीच्यांनी नुसती कागदं रंगवली.”

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे कागदावर पायाचं चित्र काढलं. पोटातल्या बाळाला मांडीच्या मागून एक मोठी रक्तवाहिनी असते. जन्माआधीच ती आटते आणि मांडीच्या पुढच्या बाजूची कामाला लागते. मनुबाईची आटलीच नव्हती. हजारांत एखाद्याचंच असं होतं.

“बसून बसून ती दबली आणि फुगली, काका. ती गाठ म्हणजे तोच फुगा. आत रक्त गोठतं. दाबलं की गुठळ्या सुटून खाली बोटांत जातात.”

नाथाजीनं हात मागं घेतला. “गाठ उडायची हाताखाली. मला वाटायचं, शीर मोकळी व्हतीया.” मग तो खाटेकडं वळून खेकसला, “आगं, दुखत हुतं तर नगं म्हणायचं न्हाई व्हय?”

मनुबाई छताकडं बघत म्हणाली, “आवं, तेवढंच तर तुमी जवळ बसायचा.”



ऑपरेशनात रक्ताला नवी वाट करून दिली, फुगा आतून बंद केला. पाय वाचला, दोन बोटं गेली. निघताना बाईंनी पावलावरची नाडी दाखवली. रोज बघायची, अगदी हलक्या हातानं.

कोरेगावात घरी आल्यावर सांजच्याला तो सवयीनं तिच्या पायाशी बसला. अंगठा मुठीत दडवून त्यानं दोन बोटं पावलावर टेकवली. काहीच लागेना. त्यानं आणखी दाबून पाहिलं.

“जोर काढा,” ती म्हणाली.

त्यानं बोटं सैल सोडली, जेमतेम टेकतील इतकी.

“लागली?”

“लागली.”

“मग लगीच उठू नगा.”