पहिल्या नंबराचा टॅब्लेट

"ओइवा बाहेर झोपला की दार उघडायचं नाही. माझी शपथ आहे," बूट चढवता चढवता हेन्ना म्हणाली.

"नुसतं डोकावलं तर?"

"तू डोकावतोस म्हणजे काय करतोस? दार करकरतं, बुटाखाली बर्फ करकरतो, वर तू त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघतोस. मग तो उठतो, आणि तू मला सांगतोस, बघ, याला बाहेर झोपच लागत नाही! यार्नो, आपल्याकडची सगळी पोरं दुपारी बाहेर थंडीत, बाबागाडीत झोपूनच मोठी झाली. तूसुद्धा."

"मला काही आठवत नाही."

"गाढ झोपला होतास ना, म्हणून." तिने ओइवाचा मुका घेतला, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कामावर गेली.

दहा महिन्यांचं पोर आणि मी, असे दोघंच घरात उरलो. आता ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत आणि मी घरी, असं आमचं ठरलं होतं. ठरवताना मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं होतं. त्या सकाळी मात्र ती गेल्यावर मी दाराची कडी दोनदा तपासली.

मी मुळातच काळजीखोर. गॅस बंद केला का हे बघायला मी निम्म्या वाटेतून परत येतो, आणि आमच्या घरात गॅसच नाही, विजेची शेगडी आहे. असल्या माणसाला शोभेल असंच काम मला मिळालंय. ग्राहकांच्या एका मासिकासाठी मी फोन आणि टॅब्लेट तपासतो. कुठला झरझर चालतो, कुठला अडखळतो, कुणाची बॅटरी दिवसभर पुरते आणि कोण दुपारीच मान टाकतो. दुकानदार सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, यासाठी मला पगार मिळतो.

आमच्या कामाचा एक पक्का नियम आहे. वस्तू डब्यातून जशी निघेल तशीच तपासायची. एकही सेटिंग बदलायचं नाही, कारण विकत घेणारे बहुतेक लोक ते बदलत नाहीत. कंपन्यांची माणसं फोन करून कळवळतात, अहो, अमुक बटण दाबून बघा, तमुक पर्याय बंद करून बघा. आमची संपादक मिर्क्का त्यांना सरळ वाटेला लावते. मीही या नियमासाठी कितीतरी जणांशी हुज्जत घातली आहे. त्याचा मला अभिमानच होता.

त्या आठवड्यात महागडे फोन आणि स्वस्तातले टॅब्लेट यांची तुलना चालली होती. माझ्या कामाच्या खोलीत टेबलावर सगळी पलटण मांडलेली होती. प्रत्येकावर एकच माशांची फिल्म, अर्ध्या आवाजात, बॅटरी संपेपर्यंत. एकाच वेळी सात ठिकाणी पाण्याची बुडबुड ऐकून डोकं उठतं, पण नियम म्हणजे नियम.

शिवाय मिर्क्काला एक घरगुती चाचणी हवी होती. "लोक टॅब्लेट घेतात कशाला? स्वयंपाकघरात ठेवायला, पोरांवर लक्ष ठेवायला. तुझ्याकडे पोर आहेच. वापर त्याला," ती म्हणाली होती. म्हणून मी बाबागाडीत एक फोन ठेवायचो, थंडीने बॅटरी बसू नये म्हणून लोकरीच्या मोज्यात घालून, ओइवाच्या पायापाशी. तो बाळाचा आवाज ऐकायचा आणि घरातल्या यंत्राकडे पाठवायचा. घरातल्या पडद्यावर एक हिरवी रेघ दिसायची. बाळ कुरकुरलं की रेघ उसळायची, रडलं की लाल व्हायची आणि गजर वाजायचा.

दोन दिवस घरातलं यंत्र म्हणून एक महागडा फोन वापरला होता. ओइवाने नुसता सुस्कारा टाकला तरी त्याच्यावरची रेघ थरथरायची. पण एका झोपेत त्या फोनची बॅटरी पार खाली आली. हा तर खादाड आहे, असं मी टिपणात लिहून ठेवलं. आज पाळी होती स्वस्तातल्या टॅब्लेटची.

जेवण झाल्यावर मी ओइवाला लोकरीचे कपडे चढवले, त्यावर जाड पिशवी, त्यावर मेंढीचं कातडं. नाक आणि गाल तेवढे उघडे. बाहेर थंडी होती, पण पोरांनी बाहेर झोपू नये इतकी नव्हती. आमच्या रांगेतल्या सगळ्या घरांच्या बाबागाड्या अंगणातल्या सायकलींच्या शेडच्या कोपऱ्याशी उभ्या करायची पद्धत आहे. तिथे वारा लागत नाही. आमच्या खिडकीतून तो कोपरा दिसत नाही, एवढीच काय ती अडचण. गाडी थोडी हलवली तोच ओइवाचे डोळे मिटले. मी आत आलो, दार लावलं आणि शपथेला जागायचं ठरवलं.

टॅब्लेट समोर ठेवून मी लिहायला बसलो. हिरवी रेघ शांत होती. पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग वाटलं, जरा जास्तच शांत आहे. मग स्वतःलाच दटावलं की बाळ झोपल्यावर शांतता नाही तर काय बँड वाजणार? उठलो, दाराशी गेलो, कडीला हात लावला आणि परत आलो. तेवढ्यात हेन्नाचा निरोप आला, "झोपला का?" मी कळवलं, "गाढ." तिने लिहिलं, "आणि तू?" मी लिहिलं, "मी उत्तम." आणि पुन्हा एकदा दाराशी जाऊन आलो.

मन रमवायला पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी टॅब्लेटची बॅटरी बघितली आणि चकित झालो. जवळपास हललीच नव्हती! पुन्हा बघितली. एरवी ओइवा जितका वेळ झोपतो तितका वेळ होत आला होता, आणि हा पठ्ठ्या जणू आताच चार्जरवरून उतरला होता. त्या महागड्या खादाडाला याने धूळ चारली होती. काळजीखोर माणसाला असं एखादं निखळ यश मिळालं की तो विरघळतो. मी लगेच लिहून टाकलं, "घरात बाळ असणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावा असा टॅब्लेट. बॅटरीत निर्विवाद पहिला." मिर्क्काला ते वाक्य पाठवलंही. तिचं उत्तर आलं, "तू आणि डोळे झाकून? तब्येत बरी आहे ना?"

मी कॉफी करून घेतली. ओइवा आज जास्तच झोपला होता. आईशिवायचा पहिला दिवस, दमला असेल, असं मी मनाला समजावलं.

तेवढ्यात खिडकीची काच थडथडायला लागली. बर्फ ढकलणारा ट्रॅक्टर अंगणात आला होता. त्याचा फाळ जमिनीवर घासत होता, मागे येताना तो कर्कश पीं-पीं करत होता. सात यंत्रांची बुडबुड त्या आवाजात बुडून गेली. मी चटकन टॅब्लेटकडे बघितलं, कारण एवढ्या गोंगाटाने ओइवा नक्की उठणार होता.

रेघ सरळ होती.

ट्रॅक्टर शेडच्या बाजूला वळला, आवाज आणखी वाढला, तरी रेघ सरळच. बाळ झोपेत असेल, पण फोनचा कान तर उघडा होता! मी पडद्यावर बोट टेकवलं.

टॅब्लेट खडबडून जागा झाला. कोपऱ्यात एक बारीक ओळ उमटली: बॅटरी वाचवण्यासाठी हे अ‍ॅप थांबवून ठेवलं होतं. हे सेटिंग डब्यातूनच तसं आलं होतं, आणि नियमाप्रमाणे मी ते बदललं नव्हतं. आणि मग अडवून ठेवलेल्या सगळ्या सूचना एकदम कोसळल्या. रडण्याचा आवाज. रडण्याचा आवाज. मोठ्याने रडण्याचा आवाज. एकाखाली एक लाल पट्ट्या चढत गेल्या, पडदा भरून वाहिला. त्यानंतर काही नाही. खूप वेळ काहीच नाही.

मी कसा बाहेर पडलो ते मला सांगता येणार नाही. पायात बूट नव्हते एवढं आठवतं. कोपऱ्यावर वळलो तर गाडी तिथे नव्हती. गाडी जिथे होती तिथे माझ्या छातीइतका बर्फाचा ढीग होता, ताजा, आणि ट्रॅक्टर त्याच्यापासून मागे सरत होता.

मी ढिगावर तुटून पडलो. दोन्ही हातांनी बर्फ उपसायला लागलो. ओरडत होतो, पण काय ते माझं मलाच कळत नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली.

"काय शोधतोयस रे? काय आहे आत?"

"बाळ! माझं बाळ आहे!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "इथं काहीच नव्हतं," तो म्हणाला. "देवाशप्पथ, मी बघूनच ढकललं. काहीच नव्हतं." पण असं म्हणता म्हणता तोही गुडघ्यावर बसला आणि माझ्यासोबत उपसायला लागला. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्याचा भरवसा उडालेला मला दिसत होता.

"यार्नो!" मागून हाक आली. "इकडे आहे तो. माझ्याकडे."

शेजारच्या आउनेबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. कडेवर ओइवा. आमची गाडी त्यांच्या दारापाशी, भिंतीला लागून. ट्रॅक्टरवाला बर्फातच बसकण मारून बसला आणि त्याने टोपी काढून तोंड पुसलं. मी धावलो ते थेट त्यांच्या पायरीवर आपटलो.

"हळू, हळू. आत ये आधी. त्याला ऊब देऊन तुझ्याकडेच आणणार होते. पायमोजे बघ कसे झालेत," आउनेबाई म्हणाल्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि ओइवाला माझ्या मांडीवर दिलं. त्याचे गाल उबदार होते. मी त्याला छातीशी धरून हमसून हमसून रडलो. त्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही आणि आताही वाटत नाही.

जरा वेळाने मी विचारलं, "खूप रडला का?"

"बराच." त्या कॉफी ओतत होत्या. "मी खिडकीतून बघत होते. आधी वाटलं, तू येशीलच. तू तर दर घटकेला येऊन बघणारा! मग वाटलं, हल्ली पोरांना एकट्याने झोपायची सवय लावतात म्हणे, तसलं काही असेल. लोकांच्या घरात आपण का नाक खुपसावं? तरी दार वाजवलं मी तुझं, पण आत नुसतं पाणी वाहत होतं. म्हटलं अंघोळ करत असशील."

सात यंत्रांतले मासे माझ्या कानात बुडबुडले.

"मग थांबेना म्हणून उचललंत?" मी विचारलं.

"नाही रे." त्यांनी किटली खाली ठेवली. "रडत होता तोवर मी गेले नाही. रडतंय म्हणजे कुणीतरी येईल असं त्याला वाटतंय. गप्प झाला ना, तेव्हा मला राहवेना. जाऊन बघते तर टक्क जागा. डोळे उघडे, आणि गाडीच्या छपराकडे बघत पडलेला."

त्या शांततेवर मी खूश होतो. तिचंच कौतुक मी लिहून पाठवलं होतं.

"बोलायला नको होतं मी," आउनेबाई हळूच म्हणाल्या. "घे, कॉफी घे."

घरी आल्यावर पहिल्यांदा खोलीतली सगळी यंत्रं बंद केली. मिर्क्काला कळवलं, ते वाक्य काढ, कारण उद्या सांगतो. हेन्नाला काय सांगायचं ते मात्र सुचेना. ती संध्याकाळी येईल, विचारेल, आणि मी सगळं सांगेन, एवढं मी ठरवलं.

ओइवाला भूक लागली असणार होती. मी त्याला गालिच्यावर बसवलं आणि दूध गरम करायला उठलो. एरवी मी दोन पावलं लांब गेलो की तो घर डोक्यावर घेतो. हेन्ना त्यावरून मला चिडवते की पोरगं बापावर गेलंय.

मी दारापर्यंत गेलो. मागे आवाज नाही. वळून बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, डोळे मोठे करून, तोंड मिटून.

"रड ना रे," मी म्हणालो. "ओइवा, रड. मी येतो बघ."

तो रडला नाही. मी दूध तसंच ठेवलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसलो.