तळाशी बसलेलं औषध

मी एक करंगळीएवढी बाटली. डोळ्याच्या आतली सूज उतरवणारे थेंब माझ्या पोटात असतात. जीव एवढासा, पण एका बाईची दृष्टी माझ्यावर अवलंबून होती.

कारखान्यात मला भरलं, टोपण गच्च आवळलं आणि खोक्यात कोंबलं. तेव्हापासून अंधारच. दुकानाच्या फळीवर उभ्या उभ्या माझ्यातलं औषध हळूहळू तळाशी बसलं. वर राहिलं नुसतं पाणी.

मला घरी आणलं धाकट्या बहिणीनं. तिची ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. डावा डोळा लालभडक, उजेड म्हणून सोसेना. बिचारी भरदुपारी पडदे ओढून पडलेली. मी खोक्यात, ती खोलीत. दोघी सारख्याच कोंडलेल्या.

धाकटी गजर लावून तासातासाला थेंब टाकायची.

"ताई, उघड ना डोळा!"

"अगं, उघडाच आहे. नुसतं धुकं दिसतंय."

मी तळातून ओरडत होते, आधी हलवा मला! पण मला कुठली वाचा? माझ्या अंगावर बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. ताईला ते दिसत नव्हतं आणि धाकटीला बघायचं सुचलं नव्हतं.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला आणि त्यांचा चेहरा उतरला. "सूज तशीच आहे. थेंब चुकवता का?"

"एकही नाही!" धाकटी कळवळून म्हणाली.

"मग डोळ्यात सुई द्यावी लागेल."

ताईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला मागून घेतलं. तळहातावर एक थेंब पाडला. पाण्यासारखा. मग मला चांगलं खळखळवून दुसरा पाडला. तो दुधासारखा पांढरा.

"हलवून घेत नव्हता ना?"

धाकटीला रडू फुटलं. "माझ्यामुळे झालं हे सगळं."

"गप गं," ताई म्हणाली. "रोज उशाशी कोण बसलं होतं?"

बाईंनी दोन दिवसांची मुदत दिली. दोन दिवसांत लाली ओसरू लागली, सुई टळली. पुढे थेंब एकदम न थांबवता बेताबेतानं कमी केले. महिन्याभरात ताई कामावर गेली. डोळ्यात एक पुसट डाग राहिलाय, तो जात नाही म्हणते.

मी मात्र औषधांच्या डब्यात बंद आहे. परवा शेजारच्या काकू आल्या, "डोळा लाल झालाय गं. ताईचं औषध उरलंय का?" धाकटीनं डबा उघडला. एकीला तारणारं औषध दुसरीचा डोळा घालवू शकतं, हे त्यांना कोण सांगणार?

"काकू, आधी डोळा दाखवून या," ताई आतून म्हणाली. डबा मिटला.

मला उघडून महिना उलटलाय, म्हणजे थेंबांची मुदत संपली. आता मी कुणाच्याच कामाची नाही. पुन्हा कुणी डबा उघडायच्या आत मला टाकून द्या, एवढंच मागणं आहे.