मनकर्णाआजीचा दुसरा आकडा

मित्रांनो, मी एक जुनं बीपीचं मशीन आहे. बटण दाबताच आकडे दाखवणारी छोटी मशीनं तुम्ही पाहिली असतील, तसा मी नाही. माझी राखाडी पत्र्याची पेटी आहे. झाकण उघडलं की काचेची उभी नळी दिसते आणि त्या नळीत पारा चढतो, उतरतो. दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार.

सावेडीत डॉक्टर नृसिंहांच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. माझा पारा शून्यावर उभा आहे ना, हे ते दर सहा महिन्यांनी पाहत. पेशंट म्हणत, डॉक्टरांच्या मशीनचा आकडा म्हणजे आकडा. ते ऐकून मला बरं वाटायचं. पुढे डॉक्टरांचे हात थरथरू लागले, दवाखाना बंद झाला आणि मी कपाटात पडून राहिलो. चार वर्षं माझं झाकण कुणी उघडलं नाही.

मला बाहेर काढलं त्यांच्या नातीनं, रुचानं. ती संगमनेरला कॉलेजात शिकत होती. सत्तरीच्या पुढची माणसं कशी जगतात, समाधानी आहेत का, याचा अभ्यास तिच्या वर्गाकडे होता. प्रत्येकाला वीस प्रश्न विचारायचे आणि बीपी दोनदा मोजायचं, मध्ये थोडा वेळ सोडून. कॉलेजची नवी मशीनं दुसऱ्या गटांनी नेली, म्हणून रुचा मला घेऊन आली. तिच्या जोडीला निकिता होती, राजूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. म्हातारी माणसं निकिताशी चटकन बोलायला लागत.

तीस घरं नीट पार पडली. एकतिसावं घर उसाच्या रानात होतं, वस्तीपासून लांब, नवं, दुमजली. पडवीत बाजेवर मनकर्णाआजी बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. घरात त्या आणि मुलगा गहिनीनाथ, दोघंच. सून मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला राहत होती.

रुचानं आजींच्या दंडाला माझा पट्टा गुंडाळला. दंड काटकुळा होता. आजी सारख्या फाटकाकडे बघत होत्या. वरचा आकडा आला एकशे चौतीस. त्या वयाला उत्तमच.

तेवढ्यात मोटरसायकल वाजली आणि गहिनीनाथ आला. अगदी अदबीनं बोलला, मुलींना पाणी दिलं, पण नंतर आत गेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आईला कमी ऐकू येतं, प्रश्न मला विचारा, असं त्यानं सांगितलं. खरं तर मघापर्यंत आजींना सगळं ऐकू येत होतं.

"आजी, तुम्ही घराबाहेर जाता का?" निकितानं तरीही त्यांनाच विचारलं.

"जाती की. रोज फिरून येती," गहिनीनाथ म्हणाला.

पुढचीही सगळी उत्तरं त्यानंच दिली. प्रश्न संपले. रुचानं पुन्हा पट्टा बांधला, फुगा दाबला आणि हवा हळूहळू सोडली. माझा पारा एकशे शहाऐंशीवर असतानाच नाडीचे ठोके सुरू झाले. दहा मिनिटांत एवढी उडी मी सव्वीस वर्षांत क्वचितच पाहिली होती. रुचानं तिसऱ्यांदा पाहिलं. आकडा तोच.

"आजी, काही त्रास होतोय का?"

"बरं हाय, पोरी. समदं बरं हाय," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांनी मुलाकडे पाहिलंही नाही.

कॉलेजात वैजनाथ सरांनी कागद तपासला. दहा मिनिटांत पन्नासचा फरक पडत नसतो, मशीन जुनं झालंय, हे घर यादीतून काढून टाका, असं ते म्हणाले. मित्रांनो, कपाटातली चार वर्षं मला इतकी लागली नव्हती. रुचानं आजींच्या नावावर पेन्सिलीनं रेघ मारली.

पण तिला चैन पडेना. तिनं आजोबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पहिल्या आणि दुसऱ्या आकड्याच्या मधे तिथं कोण आलं होतं?"

रुचानं फोन ठेवला आणि निकिताला गाठलं.

मंगळवारी सकाळी दोघी मला घेऊन पुन्हा त्या घरी गेल्या. बाज भिंतीला उभी लावलेली होती. खिडकीत आजींचा चष्मा होता, खाली त्यांच्या चपला होत्या. आई रविवारीच बहिणीकडं गेली, राजूरला, मालनबाईकडं, असं गहिनीनाथनं सांगितलं. निकितानं चपलांकडे पाहिलं आणि त्याला काही न विचारता फोन करायला फाटकाबाहेर गेली. रुचाही तिच्यामागे गेली. मी पडवीच्या कट्ट्यावर राहिलो.

तेव्हा मला आवाज आला. घराच्या मागच्या बाजूनं, स्टीलच्या पेल्यानं दार ठोकल्याचा. तीन ठोके, मग थांबणं, मग पुन्हा तीन. गहिनीनाथनंही तो ऐकला. त्यानं उठून आतला टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. मला सगळं कळत होतं, पण ओरडायला मला तोंड नाही.

निकिताची मावशी राजूरच्या बाजारात बसते. तिनं मालनबाईंना गाठलं. त्यांच्याकडे कुणीच आलेलं नव्हतं. उलट, महिनाभर अक्काचा फोन का लागत नाही, असं त्याच विचारत होत्या. मुलींनी मग वृद्धांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला आणि गावचे पोलीस पाटील श्रीमंतराव यांना बोलावलं. ते येईपर्यंत दोघी फाटकातून हलल्या नाहीत.

श्रीमंतरावांनी टीव्ही बंद करायला लावला. मग ठोके सगळ्यांनाच ऐकू आले.

मागच्या खतांच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत पोती, एक गोधडी, पाण्याची कळशी आणि मनकर्णाआजी. उजेडानं त्यांचे डोळे मिटले.

"रस्त्यावर जाती ती," गहिनीनाथ खाली बघत म्हणाला. "दोनदा ट्रकखाली येता येता वाचली. मी दिसभर रानात. घरी कोन हाय? लोक मलाच नावं ठेवत्यात."

"भईनीकडं निघाले हुते मी," आजी म्हणाल्या. "मला वाट ठावं हुती."

निकितानं त्यांचा चष्मा आणि चपला आणून दिल्या.

आजी आता राजूरला मालनबाईंजवळ असतात. आठ दिवसांनी गहिनीनाथ त्यांचं गाठोडं घेऊन आला, उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि चहा न घेता गेला. पुढचं काय ते पोलीस बघतायत. वैजनाथ सरांनी आजींचं नाव स्वतःच्या हातानं यादीत परत लिहिलं. मशीनला दोष दिला, चुकलं माझं, असंही ते वर्गासमोर म्हणाले.

अभ्यास संपला. त्याला बक्षीसही मिळालं. मी आता कॉलेजात, रुचाच्या विभागाच्या फळीवर असतो. पाऱ्याची मशीनं बंद होत चाललीत, मलाही लवकरच नेतील. त्याचं मला दुःख नाही. दुसरीच गोष्ट मला छळते. त्या तीस घरांपैकी अकरा घरांत कुणीतरी दारात उभं होतं आणि म्हातारी माणसं खाली बघून 'बरं आहे' म्हणाली होती. पण तिथं दारातला माणूस पहिल्यापासूनच उभा होता. त्यामुळे दोन्ही आकडे जुळले, सारखेच चढे. कागदावर काही चूक दिसली नाही, म्हणून तिथं कुणी परत गेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत, वस्तीवर, कदाचित तुमच्याच घरात असं कुणी असेल. दारातल्या माणसाला जरा बाजूला व्हायला सांगा आणि मग विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर उठून जाऊ नका.