धर्मआईचा निळा ड्रेस

फ्लोरिकाच्या घरात नव्या ड्रेसची किमतीची चिठ्ठी कधी कापली जात नसे. ती काखेत आत खोचायची, समारंभात मिरवून घ्यायचं आणि सोमवारी ड्रेस दुकानात परत! स्पेनमधल्या कास्तेयोनला येऊन राहिलेल्या तिच्या निम्म्या रोमानियन मैत्रिणी हेच करायच्या, वर त्यावर खिदळायच्याही. मायदेशात दुकानदार विकलेली वस्तू परत घ्यायचा म्हणजे आधी चार शिव्या घालायचा. हे स्पॅनिश लोक हसतमुखाने परत घेतात, मग सोडायचं कशाला, असा साधा हिशेब.

या खेपेला मात्र गोची झाली. त्याच दुकानात काम करणाऱ्या लिव्हियाच्या मुलीच्या बाप्तिस्म्यात फ्लोरिका धर्मआई झाली. नवा निळा ड्रेस घालून तिने पोरीच्या वतीने सैतानाला तीनदा नाकारलं आणि पवित्र तेल लावलेली ती ओली पोर छातीशी धरली. पोरीने तेलकट मुठीत तिची बाहीच आवळली.

सोमवारी सकाळी फ्लोरिका बाहीवर मक्याचं पीठ चोळत बसली होती. तेवढ्यात शेजारच्या अग्लाया मावशी टपकल्या. मावशी चर्चमध्ये मेणबत्त्या विकायच्या आणि साऱ्या रोमानियन वस्तीची खबर ठेवायच्या. त्यांनी बाही नाकाशी नेली.

"डाग जाईल गं, पण हा वास? आणि गल्ल्यावर तर लिव्हियाच असते ना?"

"म्हणूनच तर काळजी नाही, मावशी. ती मला नाही म्हणायची नाही."

"कशी म्हणेल? धर्मआईला नाही म्हणायची आपल्यात पद्धत आहे का? नोकरी गेली तरी ती घेईल."

मग मावशींनी खरं काय ते सांगितलं. वापरलेले कपडे सारखे परत येत होते. लिव्हियाच आपल्या देशातल्या बायकांना सामील आहे, असा मालकीण अम्पारोबाईंचा संशय होता. आणखी एक असा कपडा आला की लिव्हियाला घरी बसवणार होत्या.

फ्लोरिकाने नाक मुरडलं. दुकानच परत घेतो म्हणतं, त्यात आपला काय दोष, असं ती म्हणाली.

"नाही आवडलं तर परत घेतो म्हणतात बाई, मिरवून झाल्यावर नव्हे. ते आपल्या शब्दावर विश्वास ठेवतात आणि आपण फुकटात सण साजरे करतो. उद्या इथे कुणी रोमानियन बाई दिसली की आधी तिच्या काखेत बघतील!"

"तुमचं प्रवचन चर्चमध्ये करा," असं म्हणून फ्लोरिका तणतणत निघाली.

दुकानात लिव्हिया तिला पाहून हसली, पण पिशवीतून निळा ड्रेस निघताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारी अम्पारोबाई उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "वापरलाय का हा, लिव्हिया?"

लिव्हियाने धर्मआईकडे पाहिलं. ती आता खोटं बोलणार, हे फ्लोरिकाला लख्ख दिसलं. ज्या लेकराच्या वतीने आपण सैतानाला नाकारलं, त्याच्याच आईला आपण खोटं बोलायला लावतोय! तिला स्वतःचीच लाज वाटली.

"वापरलाय," ती पटकन म्हणाली. "हिच्याच मुलीच्या बाप्तिस्म्याला. आधीचेही मीच वापरून आणले होते, बाई. लिव्हियाला त्यातलं काही माहीत नव्हतं. हा ड्रेस आता माझाच."

अम्पारोबाईंनी सुस्कारा सोडला. त्या म्हणाल्या, लिव्हियासारखी चांगली मुलगी घालवायची म्हणून त्यांनाच झोप नव्हती. पण पुन्हा असं चालणार नाही, हेही त्यांनी बजावलं. लिव्हिया गल्ल्यामागे रडता रडता हसायला लागली. फ्लोरिकालाही छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. किती वर्षांनी ती त्या दुकानात काही न लपवता उभी होती!

त्याच संध्याकाळी तिने मैत्रिणींना गोळा करून सगळं सांगितलं. दोघी-तिघी रुसल्या, एक उठूनच गेली. बाकीच्यांनी मात्र काखेतल्या चिठ्ठ्या कापल्या.

बंधुभगिनींनो, परक्या मुलुखात आपल्याला घर मिळतं, काम मिळतं, ते आपल्या आधी आलेल्या कुणीतरी राखलेल्या विश्वासावर. आपण केलेल्या लबाडीचा भुर्दंड आपल्याला नाही, आपल्यातल्याच एखाद्या गरजू लिव्हियाला पडतो. सवलत जरूर घ्यावी, पण तिच्यापायी कुणाला मान खाली घालावी लागणार नाही, एवढं पाहावं.