जुन्या पुलाचा आजचा भाव

नव्या पुलाची निविदा बहात्तर कोटींची निघाली आणि वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर छापलं की शेजारचा जुना पूल छत्तीस वर्षांपूर्वी दोन कोटी दहा लाखांत झाला होता, म्हणजे हा चौतीस पट महाग. झालं, बांधकाम खात्याच्या नाकी नऊ आले. तेव्हा कुणाला तरी आठवलं की जुन्या पुलाचं अंदाजपत्रक ज्यानं केलं तो माणूस अजून हयात आहे, याच शहरात राहतो आणि हल्ली त्याला वेळच वेळ आहे.

वेळ होता, कारण बायको जाऊन आठ महिने झाले होते. घरात बोलायला कुणी नव्हतं म्हणून तो भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करायचा आणि शेवटी तो म्हणेल तो भाव देऊन यायचा. मुलगी दुसऱ्या शहरात. रविवारी फोन करायची, जेवलात का विचारायची. तो हो म्हणायचा.

खात्यात त्याला कात्री म्हणत. अंदाजपत्रक हाती आलं की काही ना काही कापल्याशिवाय तो सोडत नसे. पहिल्या दिवशी तो तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये उतरला तेव्हा जुना रेकॉर्डकीपर स्टुलावरून उठला.

"या कात्रीशेठ! धार शिल्लक आहे की गेली?"

"गंज चढलाय. तुझ्या फायलींसारखा."

"माझ्या फायलींना गंज नाही, वाळवी आहे. तुझ्या पुलाची तेवढी वाचली. वाळवीलाही स्वस्त माल चालत नाही." मग त्याचा आवाज उतरला. "वहिनींचं कळलं. यायला हवं होतं रे, गुडघ्यामुळे राहिलं."

"असू दे," तो म्हणाला आणि फाईल घेऊन वर आला.

प्रकल्पप्रमुख बाई एके काळी त्याच्या हाताखाली शिकली होती. तिनं त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं, चहा मागवला.

"सर, काम साधं आहे. महागाई धरून दोन्ही पुलांचा खर्च एका पातळीवर आणून दाखवा. आणि अजून एक. मला बहात्तर सत्तरच्या खाली आणायचे आहेत. ज्या बाबी तुमच्या पुलात नव्हत्या त्या वेगळ्या काढा. त्यांच्यावर मला काट मारता येईल. तुमचा पूल त्यांच्याशिवाय उभा आहे ना?"

"उभा आहे," तो म्हणाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याची मान जरा ताठ झाली.

तो कामाला लागला. आधी साधा मार्ग धरला. छत्तीस वर्षांत एकूण भाव अकरा पट झाले, म्हणून दोन कोटी दहा लाखांचे तेवीस कोटी झाले. पण ते त्याला पटेना. तो निर्देशांक धान्य, कापड, घरभाडं यांचा. पूल काही जेवत नाही. मग त्यानं जुनी पद्धत धरली. जुन्या अंदाजपत्रकातली एकेक बाब घ्यायची, तेव्हा लागलेला माल आणि मजुरी मांडायची आणि तिला आजच्या दरानं गुणायचं. सिमेंट नऊ पट निघालं, लोखंड बारा पट, मजुरी चोवीस पट. सगळं मिळून तेहतीस कोटी झाले. नवा पूल रुंदीला बरोबर दुप्पट, म्हणजे सहासष्ट. उरले सहा. नदीचा तळ खचला होता, पाया खोल न्यावा लागणार होता, त्याचे पावणेचार कोटी. राहिले सव्वादोन.

हे सव्वादोन कोटी म्हणजे बाईला हव्या होत्या त्या बाबी: खडीयंत्रावर पाण्याचे फवारे, यंत्राशेजारी बसणाऱ्यांसाठी बंदिस्त खोली, पडणाऱ्यांसाठी जाळ्या, दरवर्षी छातीचा एक्स-रे. ते काढले की बरोबर सत्तरच्या आत. 'चोचले आहेत,' तो मनात म्हणाला आणि जुन्या फाईलमध्ये त्या नव्हत्या हे दाखवायला पानं उलटू लागला.

एकोणचाळिसाव्या बाबीवर त्याचं बोट थांबलं. शाईनं लिहिलेलं होतं: खडीयंत्रावर पाण्याचे फवारे, तसेच चाळणी-शेडला यंत्राच्या बाजूने भिंत, अडतीस हजार चारशे. त्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. रेघेच्या टोकाला त्याची सही.

रेघ मारल्याचं त्याला आठवत नव्हतं. अशा कितीतरी मारल्या होत्या. आणि रेघ मारलेल्या बाबीला आजच्या कुठल्याही दरानं गुणलं तरी उत्तर शून्यच यायचं.

चाळणी-शेडमध्ये तिघी जणी कामाला होत्या. खडी आली की चाळण्यांवर हलवायची, कुठल्या चाळणीवर किती राहिली ते वजन करून वहीत लिहायचं. खडीयंत्र पंधरा पावलांवर. तिघींतली एक त्याची बायको. नवं लग्न, साइटवरची पत्र्याची खोली, अशी चार वर्षं. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा भुवया, पापण्या, कानामागचे केस, सगळं पांढरं.

"आली का माझी म्हातारी?" तो विचारायचा.

"तुमच्या पुलानं केली," ती म्हणायची आणि हसता हसता खोकायची. साइटवर सगळेच खोकायचे.

त्यानं फाईल मिटली. दोन दिवस तो ऑफिसला गेला नाही.

तिसऱ्या दिवशी तो नदीवर गेला. जोडरस्त्याच्या खडीसाठी नवं खडीयंत्र काठावर आधीच उभं राहिलं होतं, चालूही होतं. शेजारी पत्र्याची शेड आणि आत तोंडाला रुमाल बांधलेल्या दोन बायका चाळण्या हलवत होत्या. तो दारात उभा राहिला तशी त्यातली थोराड बाई ओरडली, "काय बघताय आजोबा?"

"भिंत."

"कसली भिंत?"

"इथं व्हायची आहे ती."

"होईल तेव्हा होईल. आधी एक पंखा द्यायला सांगा. साहेबांत ओळख दिसतेय तुमची."

तिच्या रुमालावर नाकाच्या जागी पिठासारखा थर बसला होता. गप्प बसणं सोपं होतं. तेव्हा असा नियमच नव्हता, रेघ कुणी विचारणार नव्हतं. तो फक्त तक्ता देऊन घरी गेला असता तर सव्वादोन कोटी निघाले असते, आणि ही शेड आहे तशीच राहिली असती.

पंधराव्या दिवशी त्यानं बाईच्या टेबलावर अहवाल ठेवला. तिनं शेवटचं पान आधी वाचलं, मग पहिलं.

"सर, हे काय? जुना पूल तुम्ही आजच्या भावानं चौतीस कोटी साडेबारा लाखांचा दाखवलाय. दुप्पट केला आणि पाया मिळवला की बरोबर बहात्तर. म्हणजे नवा पूल महाग नाहीच?"

"नाही."

"पण यात तुम्ही फवारे, भिंत, जाळ्या, एक्स-रे सगळं जुन्या पुलात घातलंय. जो खर्च झालाच नाही तो कसा धरता?"

"झाला. खात्यानं केला नाही, एवढंच."

"मग कुणी केला?"

बाहेर कुणीतरी झेरॉक्स मशीनशी भांडत होतं.

"चाळणी-शेडमधल्या तिघींनी," तो म्हणाला.

"सर, रेकॉर्डवर काही आहे का? आजारपण, तक्रार, काहीतरी? असलं मी वर पाठवलं तर मला हसतील."

"रेकॉर्डवर येणारच नाही. पगारपत्रकात मी त्यांना कार्यालयीन दाखवलं होतं, त्यात पगार जरा जास्त बसायचा. चांगलंच करतोय असं वाटलं होतं." त्यानं चष्मा काढून हातात धरला. "मागच्या वर्षी छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, यांनी कधी दगडाच्या धुळीत काम केलंय का? तिला बोलताना धाप लागायची म्हणून मीच उत्तर दिलं. म्हटलं, नाही, ऑफिसात होती. ती माझ्याकडं बघत राहिली."

बाईच्या हातातलं पेन थांबलं. "काकू होत्या त्या शेडमध्ये?"

"चार वर्षं. तू आलीस तेव्हा तिला ऑफिसात घेतलं होतं. तिच्या डब्यात जेवलीस तू, पण हे तुला माहीत असायचं कारण नाही. माझ्याच लक्षात राहिलं नाही, तर तुझं काय."

"तुम्ही मुद्दाम खोटं नाही सांगितलंत, सर."

"मुद्दाम सांगितलं असतं तर निदान मला आठवत असतं."

तिनं शेवटचं पान पुन्हा उलटलं आणि म्हणाली, "बहात्तरवर मला वरून चांगली बोलणी बसतील."

"बसू देत."

"आणि एकोणचाळीसवर तुमची सही आहे. स्वस्त पुलाचा सगळा लौकिक..."

"जाऊ दे तो."

"वरचे काय करतील ते मी सांगू शकत नाही. माझ्या हातून यातली एकही बाब निघणार नाही, एवढं सांगते." तिनं सही केली आणि कागद दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवला. त्याला सोडायला ती जिन्यापर्यंत आली.

त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर जरा हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ऑफिससमोरच्या बाकावर बसून त्यानं मुलीला फोन लावला. बुधवार होता, म्हणून ती घाबरली.

"बाबा? बरं नाही का?"

"बरा आहे. आईबद्दल एक सांगायचं होतं." आणि त्यानं सगळं सांगितलं, रेघेपासून डॉक्टरांपर्यंत, काही न गाळता. मध्ये दोनदा बस आली आणि गेली.

तिनं विचारलं, "आईला कळलं होतं? तुम्ही नाही म्हणालात तेव्हा?"

"कळलं असणार."

"मग ती का नाही बोलली?"

"माहीत नाही गं. घरी येताना रिक्षात माझा हात धरून बसली होती. मला वाटलं, दमली असेल."

मुलगी रडत होती की नाही, रहदारीत नीट ऐकू येईना. शेवटी ती म्हणाली, "घरीच थांबा. मी निघतेय."

चिडून येतेय की कशी, हे तिच्या आवाजावरून त्याला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. तो घरी आला. तिला यायला चार तास तरी लागणार होते. त्यानं आतल्या खोलीत तिचं अंथरूण घातलं, बाहेरचं दार उघडं ठेवलं आणि दाराकडं तोंड करून बसून राहिला.